दोघींपर्यंत आलेला परवचा

शाळेत तज्ज्ञ येणार असा निरोप आला की आम्ही आधी जळमटं काढायचो, मग मुलांना नखं कापून यायला सांगायचो. तिसरं काम म्हणजे मागच्या तज्ज्ञांनी लावायला सांगितलेले तक्ते उतरवून कपाटामागे सारणं, कारण नव्या माणसाला जुन्या माणसाचे तक्ते खपत नाहीत हे आम्हाला एव्हाना कळून चुकलं होतं.

जांबोटी रस्त्याच्या एका गावात, सरकारी मराठी शाळेत, मी नोकरीची बहुतेक वर्षं काढली. नवीन शिक्षणपद्धती आमच्याकडे यायची ती फार लांबून. बेंगळूरला कुणाच्या तरी डोक्यात ती यायची, तिथून बेळगावात उतरायची, बेळगावात कुणीतरी घाईघाईने तिचं मराठी करायचं आणि मग प्रशिक्षण होऊन ती आमच्या पदरात पडायची. एका वर्षी धडा संपला की मुलांनी भिंतीवरच्या कागदी शिडीची एक पायरी चढायची होती. पुढच्या वर्षी शिडी गेली आणि गट आले. मग गट मोडून गोल करायचे ठरले. मग गोलही नको, मुलाला वाटेल तिथे त्याने बसावं असं आलं. आमच्या मुलांना वाटेल ती जागा म्हणजे शाळेमागचा फणस, तेव्हा ती पद्धत आठवडाभरात आम्हीच आवरती घेतली. एका प्रशिक्षणात तर आम्हा पन्नाशीतल्या बायांना चिमण्या करून वर्गभर उडायला लावलं होतं. माझे गुडघे तेव्हाच कुरकुरायला लागले होते. मी खिडकीपाशी जाऊन बसले आणि म्हटलं, माझी चिमणी अंड्यावर बसलीय.

एकूण काय, आम्ही तरबेज झालो होतो. आलेल्याला चहा द्यायचा, मान डोलवायची, फोटो काढू द्यायचे. भिंतीवर त्यांचं लावायचं आणि फळ्यावर आपलं शिकवायचं. सगळंच टाकाऊ असायचं असं नाही. चिंचोके मांडून वजाबाकी शिकवायचं मी अशाच एका प्रशिक्षणातून उचललं आणि शेवटपर्यंत वापरलं. पण जे आपल्याला हवं तेवढंच उचलायचं आणि बाकीच्याला वाटेला लावायचं, ही अक्कल आम्हाला होती. म्हणूनच पुढे जे झालं त्याचं मला अजून नवल वाटतं.

आमच्या शाळेत शेवटच्या तासाला परवचा असायचा. मुळात घरोघरी दिवेलागणीला म्हणायची ती गोष्ट, पण आमच्या गावात दिवेलागणीला आईबाप दोघंही शेतावरून नुकते आलेले असत, गुरं बांधायची असत, चूल पेटवायची असे. म्हणून फार पूर्वी कुणा गुरुजींनी ती शाळेतच आणली होती. पहिलीपासून सातवीपर्यंतची सगळी मुलं व्हरांड्यात ओळीने बसत आणि एका आवाजात पाढे म्हणत. बे एके बे पासून सुरुवात, मग वर वर चढत तिसापर्यंत, आणि शेवटी निमकी, पावकी हे अर्ध्या-पावाचे पाढे. तो आवाज भातखाचरांपर्यंत जायचा. रताळ्याच्या रानात खाली वाकलेल्या बाया पाढे सुरू झाले की कमरेवर हात ठेवून उभ्या राहायच्या, टोपल्या गोळा करायला लागायच्या. तेराचा पाढा संपेतो म्हशी घराकडे वळायच्या. शाळेत काय चाललंय ते गावाला रोज ऐकू यायचं. आपलं पोर त्या आवाजात आहे हे प्रत्येकीला माहीत असायचं.

सुरुवात मी करून द्यायची. छडी नाही, टाळी नाही. मी मुलांकडे बघून मोठा श्वास घ्यायची आणि हनुवटी खाली आणायची. हनुवटी खाली आली की सगळ्यांनी एकदम म्हणायचं.

दुसरीत एक मुलगी आली. तिचा बाप बेळगावला उद्यमबागेत फौंड्रीत कामाला जायचा, आई घरची शेती बघायची. पोरगी हुशार होती, डोळे कसे सगळीकडे फिरायचे. पण बोलायला गेली की पहिल्या अक्षरालाच अडायची. मानेच्या शिरा ताठ व्हायच्या, डोळे मिटायची, आणि ते अक्षर काही केल्या पुढे सरकायचं नाही. स्वतःचं नाव सांगतानासुद्धा. मुलं हसायची नाहीत, आमची मुलं तशी नव्हती, पण ती तिच्याऐवजी बोलून टाकायची. हळूहळू तिने तोंड उघडणंच सोडलं. हजेरीला हात वर करायची.

एकदा परवच्याच्या वेळी मी ओळींमधून फिरत होते. तिच्या मागे आले आणि थबकले. ती म्हणत होती. तेरा सक अठ्ठ्याहत्तर, सतरा चोक अडुसष्ट, एकही अक्षर न अडता, खणखणीत. मी तिच्या मागे तशीच उभी राहिले. पाढे संपले, सगळा आवाज थांबला आणि मी तिला विचारलं, "व्हय गं, तुला एवढं येतंय?" तिने उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि पुन्हा पहिल्या अक्षराला अडकली.

यामागचं शास्त्र मला ठाऊक नव्हतं, आजही नाही. मला एवढंच दिसलं की चारचौघांच्या आवाजात तिचा आवाज वाहतो, आणि एकटी पडली की अडतो. मग मी एक बेत केला. तो कुणाला सांगितला नाही, तिलाही नाही. परवचा हळूहळू बारीक करत न्यायचा. आधी सगळी शाळा म्हणायची तिथे एखादा पाढा फक्त मुलींनी म्हणायचा. काही महिन्यांनी तो फक्त तिच्या वर्गातल्या मुलींनी. मग चौघींनी. घाई करायची नाही, ती अडायला लागली की पुन्हा माणसं वाढवायची. असं करत करत, ती चौथीत गेली तोवर आम्ही दोघींवर आलो. ती आणि तिच्या शेजारच्या घरातली तिची मैत्रीण, दोघी व्हरांड्यात समोर उभ्या राहायच्या आणि एकोणतिसाचा पाढा म्हणायच्या. सगळी शाळा ऐकायची. पुढची पायरी माझ्या मनात ठरलेली होती. मैत्रिणीला सांगायचं, तू आता नुसते ओठ हलव.

ती पायरी राहून गेली.

त्या वर्षी आमच्याकडे जे तज्ज्ञ आले ते बेंगळूरचे नव्हते. ते पुण्याचे होते.

हे सीमाभागाबाहेरच्या माणसाला कळायचं नाही. सरकारी साहेब आला की तो कानडीतून बोलायचा, आम्ही त्याला अर्धवट कानडीतून उत्तरं द्यायचो आणि मनातून त्याच्या प्रत्येक शब्दाला कुलूप लावायचो. त्याने सूर्य पूर्वेला उगवतो म्हटलं असतं तरी आम्ही एकदा बाहेर जाऊन बघितलं असतं. पण हे गृहस्थ मराठीतून बोलत होते. आणि काय मराठी! एकही शब्द पडत नव्हता, एकही वाक्य अर्धं राहत नव्हतं. आमची मराठी आम्हाला स्वतःलाच जरा ओशाळवाणी वाटते, पुण्याकडे गेलो की दुकानदार विचारतो, तुम्ही कर्नाटकातले का? असा माणूस आपण होऊन आपल्या शाळेत आला, आपल्या मुलांविषयी बोलला, म्हटल्यावर आमची सगळी हुशारी विरघळली.

सगळ्यात जास्त विरघळले आमचे हेडमास्तर. फार सज्जन माणूस. सीमाप्रश्नाच्या मोर्चात पहिल्या रांगेत, शाळेचं छप्पर गळलं तर स्वतः कौलं फिरवायला वर. शाळेत मुलं टिकावीत म्हणून त्यांचा जीव तीळतीळ तुटायचा. मराठी शाळा मागासलेली, असं कुणी म्हणालं की त्यांना रात्रीचं जेवण जात नसे. ते मला म्हणाले, "बाई, पहिल्यांदा आपल्या भाषेतनं कायतरी आलंय. हे आपण मनापासनं करायचं."

पुण्याच्या सरांनी पालकांनाही बोलावून घेतलं होतं. शाळेच्या मोठ्या खोलीत मुलांसकट सगळे दाटीवाटीने बसले. सर म्हणाले, घोकंपट्टी ही मुलांवरची हिंसा आहे. समूहात मूल हरवतं. प्रत्येक मुलाला स्वतःचा आवाज असतो आणि तो एकट्याने उमटला पाहिजे. पालकांनी माना हलवल्या. हेडमास्तर लिहून घेत होते.

मी हात वर केला. म्हटलं, "सर, आमच्याकडं एक मूल असंय की ते समूहातच सापडतं." आणि नाव न घेता सगळं सांगितलं, पाढा कसा बारीक करत आणला तेही. त्यांनी नीट ऐकून घेतलं, हे मी नाकारत नाही. मग हसून म्हणाले, "बाई, तुमची तळमळ मला समजते. पण तुम्ही तिला कुबडी दिली आहे. कुबडी काढल्याशिवाय पाय चालायला शिकत नाही."

कोण मूल, हे मी सांगितलं नव्हतं. पण खोलीतल्या सगळ्यांनी तिच्याकडेच बघितलं.

मग त्यांनी प्रात्यक्षिक दाखवलं. तिला प्रेमाने पुढे बोलावलं, स्वतः तिच्यासमोर जमिनीवर मांडी घालून बसले आणि म्हणाले, "बाळ, तुला हवं ते सांग. आम्ही थांबतो. आम्हाला काहीही घाई नाही."

आणि ते खरोखरच थांबले. ओरडले असते तर बरं झालं असतं, मी मध्ये पडले असते. पण ते हसतमुखाने, अपार सबुरीने थांबले, आणि त्यांच्याबरोबर सगळी खोली थांबली. तिचे आईबाप थांबले. तिने डोळे मिटले, मानेच्या शिरा ताठ झाल्या, एक 'म' तिच्या ओठांवर येऊन धडका द्यायला लागला. तिला काय सांगायचं होतं कोण जाणे. म्हैस, मामा, माझं, काहीही असेल. मी माझ्या जागेवरून तिच्याकडे बघून श्वास घेतला, हनुवटी खाली आणली, पण तिचे डोळे मिटलेले होते. मग मी उठले, म्हटलं, "सर, पुरे." हेडमास्तरांनी हाताला धरून मला खाली बसवलं.

शेवटी तो 'म' विझला. ती नुसती उभी राहिली. सर उठले, तिच्या डोक्यावर हात ठेवून सगळ्यांना म्हणाले, "मौन हीसुद्धा अभिव्यक्तीच आहे." आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

त्या टाळ्यांचा राग मला आजही आवरत नाही. वाजवणाऱ्यांत तिचा बापही होता. त्याला वाटलं असेल, एवढा मोठा माणूस म्हणतोय म्हणजे पोरीने काहीतरी चांगलंच केलं असणार.

परवचा दुसऱ्या दिवसापासून बंद झाला. शेवटच्या तासाला अभिव्यक्ती आली. एकेका मुलाने उठायचं आणि मनातलं सांगायचं. आमची मुलं उठायची आणि म्हणायची, आमची गाय व्याली. बसायची. दुसरा उठायचा, आमची पण. मी हेडमास्तरांशी भांडले, एकदा नव्हे, रोज. निदान पाढ्यांचा थोडा वेळ तरी ठेवा म्हटलं. ते म्हणायचे, "बाई, अर्धं हिकडं अर्धं तिकडं करून कुठलीच गोष्ट धड हुईत न्हाय. एकदा तरी मनापासनं करूया की." जन्मभर आम्ही प्रत्येक पद्धत अर्धीच केली होती आणि त्यातच मुलांचं भलं झालं होतं, हे त्यांना सांगून पटेना.

मग एके दिवशी आमच्या भागातल्या शाळा तपासणारे कानडी साहेब आले. हे साहेब तपासणीला आले की कागद बघून झाल्यावरही रेंगाळायचे, शेवटच्या तासापर्यंत. कधीकधी नुसते रस्त्याने जातानासुद्धा फटफटी थांबवून उभे राहायचे. त्या दिवशी ते व्हरांड्यात आले, इकडेतिकडे बघितलं आणि आपल्या मोडक्या मराठीत म्हणाले, "टीचर, मग्गी कुठं गेला?" पाढ्यांना कानडीत मग्गी म्हणतात. "मी मुद्दाम थांबतो ना. माझा गावाचा शाळेत पण असं होतं."

हेडमास्तरांनी छाती काढून त्यांना नवी पद्धत समजावली. साहेबांनी ऐकलं, हेल्मेट हातात फिरवत म्हणाले, "चांगला होता, सर. कशाला बंद केलं? ते ठेवा."

झालं. त्या एका वाक्याने होती नव्हती ती आशा गेली. साहेबांची फटफटी वळणापलीकडे गेल्यावर हेडमास्तर मला म्हणाले, "बघितलं का? आपली शाळा म्होरं गेलेली त्यांच्या डोळ्यांवर येतीया. आता तर बंदच." मी म्हटलं, "सर, त्यो माणूस खरं बोलतोय." त्यावर ते माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी शाळेवरची मराठी पाटी उतरवायला निघालेय. म्हणाले, "तुम्ही सुद्धा त्यांच्या बाजूच्या झाला काय, बाई?"

अशी चूक आमच्याच मुलखात होऊ शकते. चांगला सल्ला कानडी माणसाच्या मोडक्या मराठीतून आला म्हणून तो वाईट ठरला, आणि वाईट सल्ला शुद्ध मराठीतून आला म्हणून आम्ही तो कपाळाला लावला. आणि करणारा माणूस दुष्ट नव्हता, मराठीसाठी जीव टाकणारा होता. दुष्ट असता तर त्याच्याविषयी वाईट वाटायचं तरी वाचलं असतं.

शाळा सुटल्यावर मी त्या दोघींना थांबवून घ्यायला लागले. पण मुलगी आता ओठच उघडेना. मैत्रीण एकटीच पाढा म्हणायची आणि ही तिच्याकडे बघत राहायची. मी पुन्हा माणसं वाढवायला गेले, पण सुटलेल्या शाळेत मुलं थांबायला तयार नसत. एका संध्याकाळी तिची आई डोक्यावर वैरण घेऊन फाटकात उभी राहिली. म्हणाली, "बाई, पोरगी घरात बी बोलंना झालीया वो. पयलं म्हशीसंगट तरी बोलत हुती."

मी पुढे झाले. तिच्या भाऱ्याला हात लावून तो नीट करून दिला.

गावातही कुजबुज सुरू झाली होती. रानात काही ऐकू येईना म्हटल्यावर लोक म्हणायला लागले, शाळेत आता शिकवत न्हाईत वाटतं. जूनमध्ये शहरातल्या इंग्लिश मिडियमची पिवळी व्हॅन गावात पहिल्यांदा आली. शेजारची मैत्रीण त्या व्हॅनमध्ये बसून गेली. तिच्या मागोमाग आणखी काही गेली. मी परवचा बारीक करत आणला होता तो एका पोरीचा आवाज मोकळा व्हावा म्हणून. आता शाळाच बारीक होत चालली, आणि ते कुणाच्याच उपयोगाचं नव्हतं.

हेडमास्तर निवृत्त झाले तेव्हा खूप रडले. मला म्हणाले, "बाई, मी लई प्रयत्न केला." म्हटलं, "केलासा, सर." ते खोटं नव्हतंच. पुढे माझीही निवृत्ती आली. पुण्याचे सर मध्ये एकदा बेळगावला व्याख्यानाला येऊन गेले. माझ्याबरोबरची एक शिक्षिका जाऊन आली. ती सांगत होती, आता ते म्हणतात मुलांना रोज एकत्र काहीतरी म्हणायला लावा, लयीचा मेंदूवर फार चांगला परिणाम होतो. सभागृहाने टाळ्या वाजवल्या म्हणे. मी तिला चहा दिला.

गेल्या महिन्यात कणकुंबीला भाचीकडे निघाले होते. बेळगावच्या स्टँडवर बस खचाखच भरली. माझ्या शेजारी कॉलेजची एक मुलगी येऊन बसली, मांडीवर सॅक. मी आधी डोळे ओळखले. तिनेही मला ओळखलं, वाकून माझ्या पायाला हात लावला, हसली, पण बोलली नाही. मी विचारत गेले आणि ती मानेने उत्तरं देत गेली. कॉमर्स का? हो. आई बरी? हो.

कंडक्टर तिकिटं फाडत आला. आमच्याकडच्या सरकारी बसला आम्हा बायकांना तिकिटाचे पैसे पडत नाहीत, पण कुठे उतरणार ते सांगावं लागतं. तिने आधार कार्ड पुढे केलं आणि दुसऱ्या हाताने मोबाइल, त्यावर गावाचं नाव कानडीत लिहून ठेवलेलं. रोजचा कंडक्टर तिला ओळखत असणार. हा नवा होता, घामाघूम, मागून लोक रेटत होते, त्याने मोबाइलकडे बघितलंच नाही. "एल्लिगे?" त्याने कानडीत विचारलं, कुठे जायचं म्हणून. मग मराठीत, "बोल की गं बाय, तोंड न्हाय काय? कुठं?" पुढच्या सीटवरची माणसं वळून बघायला लागली. तिचे डोळे मिटायला लागले, मानेची शीर मी ओळखली.

गावाचं नाव मीच सांगून टाकणार होते, तोंडावर आलंही होतं. पण मी तिचं मनगट दाबलं. तिने माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे बघून मोठा श्वास घेतला आणि हनुवटी खाली आणली.

आम्ही दोघींनी गावाचं नाव एकदम घेतलं. तिचा आवाज आता बाईचा झाला होता, भरीव, माझ्या थकलेल्या आवाजापेक्षा मोठा, आणि तो एकाही अक्षराला अडला नाही. कंडक्टरने तिकीट फाडलं आणि मागे सरकला. त्याला काहीच कळलं नाही.

ती खिडकीबाहेर बघत राहिली. तिचा हात माझ्या हातात होता. आवाज तसाच्या तसा होता, इतकी वर्षं तिथेच होता, फक्त शेजारी कुणी नव्हतं. गावाच्या फाट्यावर ती उतरली, धुरळ्यातून मागे वळून तिने हात केला. बस सुटली. मला पुढे कणकुंबीला जायचं होतं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिला कॉलेजला जायला पुन्हा बस धरायची होती, एकटीला.